वरीलप्रमाणे

फ्रीजरमधून रवंथ केल्याचा आवाज येतो, हे संजना गांगुर्डेने आठ महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? वीस वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काढलेली बाई. तिने डबा खाताना सगळ्यांदेखत म्हणायचं, की आपल्या डीप फ्रीजरात गाई बसल्यात आणि निवांत चघळतायत? लोकांनी तिलाच तपासणीला पाठवलं असतं.

पण आवाज यायचा. रोज नाही. दुपारी लाइट गेली की फ्रीजरची घरघर थांबायची, आणि त्या शांततेत तो सुरू व्हायचा. ओला, सावकाश, मधेच एक घोट गिळल्याएवढा खंड, मग पुन्हा. संजनाचं लहानपण सिन्नरजवळच्या खेड्यात गेलेलं. शेजाऱ्यांचा गोठा आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे तो आवाज ती झोपेतही ओळखेल. चारदोनदा ऐकल्यावर तिला हेही कळलं होतं की तोंडं तीन आहेत.

केंद्राचं नाव लांबलचक, गोदाकाठ पशुखाद्य व पशुरोग निदान केंद्र. आडगाव ओलांडलं की आग्रा रोडला लागून एक पिवळी बैठी इमारत आणि पुढे कडुलिंब. संस्था ट्रस्टची आणि पैसा सरकारी अनुदानाचा. म्हणजे हक्क सांगायला दोघं आणि बल्ब बदलायला कुणी नाही. अनुदान आलं की किट यायच्या, किट आल्या की तपासणी व्हायची. मागची दोन वर्षं अनुदानच आलं नव्हतं. तरी नमुने येतच होते, कारण गाई-म्हशी सरकारी वर्ष बघून आजारी पडत नाहीत. येणारा नमुना घ्यायचा, पावती द्यायची, फ्रीजरात ठेवायचा. किट नाही असं माणसाच्या तोंडावर सांगायची तेवढी हिंमत कुणाला होत नव्हती.

पूजा आली ती जानेवारीत. सायखेड्याहून एस.टी. बदलत आलेली, लग्नाला वर्षही न झालेली पोर. पदराखाली तिने स्टीलचा डबा धरला होता. खाद्याचा नमुना पिशवीत सील करून आणायचा असतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिने आपल्या रुखवतातला डबा आणला होता. झाकणावर बारीक ठिपक्यांत कोरलेलं, ‘चि. सौ. कां. पूजा हीस, आईकडून’.

"ताई, आमच्या तीन गाई आठ दिवसांत गेल्या," ती म्हणाली. "नवीन पेंड आणली तेव्हापासून खाणं सोडलं होतं त्यांनी. ह्या पेंडीला बुरशीचा वास येतोय. मी म्हणले घरी, पण कुणी ऐकत नाय."

"घरचे काय म्हणतात?"

"म्हणत्यात, माझा पाय घरात पडला आणि दावणी रिकामी झाली. पांढऱ्या पायाची हाय म्हणत्यात मला. तुम्ही कागद द्या ताई. कागद दिला की गप बसतील."

संजनाने झाकण उघडलं तर आंबूस, कुबट वास नाकात गेला. पेंड खराब आहे हे सांगायला खरं तर यंत्र लागत नव्हतं, पण नुसत्या नाकाचा अहवाल देता येत नाही. तिने पावती फाडली, डब्यावर क्रमांक चिकटवला आणि म्हणाली, "कळवते हं." पोर इतक्या विश्वासाने हसली की संजनाला त्या क्षणीच लाज वाटली होती.

मग मार्च आला. केंद्राचे प्रमुख डॉक्टर धनराज बोरस्ते दोन वर्षं मुंबईला खेटे घालत होते. फाइल अखेर हलली, अनुदान मंजूर व्हायच्या बेतात आलं आणि वरून एक अट आली. आधीचे प्रलंबित नमुने शून्य दाखवा, मगच नवा निधी. बोरस्तेसाहेब वाईट माणूस नव्हते. लॅब जगवायची म्हणून त्यांनी स्वतःच्या तब्येतीचं वाटोळं करून घेतलं होतं. एकतीस मार्चला दुपारी ते संजनाच्या टेबलापाशी आले आणि रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"खाद्याचे एकेचाळीस आहेत, सगळे या जानेवारीपासूनचे," ते म्हणाले. "निकाली काढून टाका."

"तपासल्याशिवाय?"

"किट आहे का? नाही. लॅब बंद पडली तर पुढे कोण तपासणार आहे? आज एवढं करा, मॅडम. ऑक्टोबरात यंत्र येतंय."

पानावर पहिलं नाव पूजाचं होतं. संजनाने निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं, ‘दोष आढळला नाही’. दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. तिसऱ्या ओळीपासून नुसत्या खुणा, दोन छोट्या रेघा, ऑफिसात सगळेच करतात तशा. चाळीस जणांचं काम दीड मिनिटात आटपलं. तिने सही केली, साहेबांनी केली, पत्रं टपालात पडली. दुसऱ्या दिवशी शिपाईकाम करणाऱ्या सुलाबाईने नमुन्यांच्या पिशव्या मागच्या खड्ड्यात जाळल्या.

डबा तेवढा राहिला. नाव कोरलेलं भांडं आगीत टाकायचं कसं, म्हणून सुलाबाईने तो संजनाच्या हातात दिला. संजनाने तो होता तसा, आतल्या पेंडीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजरच्या तळाशी ठेवला. त्या आठवड्यात पहिल्यांदा लाइट गेली आणि तिने तो आवाज ऐकला.

ऑक्टोबरात अनुदान आलं, यंत्र आलं, किट आल्या. दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घातली, पेढे वाटले. डबा काढून तेव्हाच तपासता आला असता. संजनाने तो काढला नाही. उगाच कारण कशाला शोधायचं? तिला भीती वाटत होती. निघालं काहीच नाही तर बरंच, पण निघालं तर एकतीस मार्चची ती ओळ तिच्याच अक्षरातली होती.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सुलाबाई फरशी पुसत फ्रीजरपाशी गेली तेवढ्यात लाइट गेली. सुलाबाईचा हात जागच्या जागी थांबला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्यात कोणाची गाय बांधलीय का हो?"

संजनाच्या हातातली पोळी तशीच राहिली. आठ महिने ती स्वतःला समजावत होती की हा आपल्या डोक्याचा खेळ आहे. आता दुसरंही कुणी ऐकत होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आणि त्याच दुपारी पूजाचा सासरा आला.

कारभारी नाव त्याचं. साठीचा, काटक, स्वच्छ धोतर नेसलेला माणूस. तो दारातच उभा राहिला आणि खिशातून पावती काढून त्याने पुढे केली.

"आमचा एक डबा हाय तुमच्याकडं," तो म्हणाला. "सुनंनं आणला व्हता. तो न्यायला आलोय."

"इतक्या दिवसांनी?"

"मोडलं ना बाई ते. पोरीला एप्रिलातच माहेरी धाडली, चांदवडला. तुमचा कागद आला, पेंडीत काय दोष नाय म्हणून. मंग गावातल्या लोकांचं खरं झालं. आमची बायको कुसाबाई म्हणाली, आता ही घरात नको. आमच्या महेशचं तरी काय, आईपुढं बोलत नाय." त्याने सुस्कारा सोडला. "बैठक झाली. तिची भांडी माघारी द्यायची ठरलं. यादी करून, मोजून. सगळी जुळली, ह्यो एक डबा कमी पडतो. तिची आई म्हणती, डबा आल्याबिगर काडीमोडाच्या कागदावर अंगठा देणार नाय."

म्हणजे फ्रीजरच्या तळाशी तो डबा पडून होता तोवर ते लग्नही तेवढं टिकून होतं.

"डबा... शोधावा लागेल," ती म्हणाली. "गुरुवारी या."

"गुरुवारी भांडी घेऊनच येतो मंग. इथनं तसंच चांदवडला जाऊ." तो वळला आणि पुन्हा थांबला. "बाई, पेंडीत खरंच काय नव्हतं ना?"

"गुरुवारी या तुम्ही," संजना म्हणाली.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, आवाजाचं सोडून. बोरस्तेसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तपासायचं नाही," ते म्हणाले. "सील नाही, दहा महिने झालेत, अहवालाला किंमत शून्य. आणि निघालं त्यात काही, तर? एकाच नमुन्याचे दोन अहवाल. मार्चचं प्रमाणपत्र खोटं ठरतं. निधी परत जातो, यंत्र जातं, बारा माणसांची नोकरी जाते. आणि मॅडम, पहिली सही तुमची आहे. डबा धुऊन देऊन टाका त्यांना."

"रिकामा?"

"मग काय भरून देणार?"

संजनाच्या आईने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. शेजारीण वाटीभर कालवण देऊन गेली, तर ती वाटी घासून आई तिच्यात मूठभर तांदूळ घालायची, ते नसले तर चिमूटभर साखर. गल्लीतली सगळीच घरं तसं करायची. रिकामं भांडं फिरवलं तर देणाऱ्याच्या घरात भर राहत नाही, असं आई म्हणायची. संजनाने आयुष्यात यातलं काही मानलं नव्हतं, पण तिचा हात आजवर तसाच वागला होता.

बुधवारी सकाळी साहेब बैठकीला गेले. संजनाने डबा काढला. कागद सोलला तेव्हा झाकणावर बर्फाची साय होती. तिने ती अंगठ्याने पुसली आणि पूजाचं नाव वर आलं. पेंड दळली, द्रावणात ढवळली, गाळली. हात सवयीने चालत होते.

ही तपासणी उलटी असते. पट्टीवर छोट्या वाट्या असतात, त्यात शेवटी रंग येतो. रंग जितका फिका तितकं विष जास्त. माहीत असलेल्या मापाच्या वाट्या आधी भरायच्या, शेजारी आपला नमुना. पाऊण तासाने पहिल्या वाटीत गडद पिवळा रंग चढला, पुढच्या वाट्यांत तो पायरीपायरीने उतरत गेला. पूजाच्या पेंडीच्या वाटीत रंग आलाच नाही. ती पाण्यासारखी स्वच्छ होती. संजनाने पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. यंत्राने तिन्ही वेळा एकच सांगितलं. प्रमाण मोजमापाच्या पलीकडे.

बुरशीचं विष होतं ते. गाईचं काळीज पोखरणारं, आणि गाय उभी आहे तोवर दुधात उतरणारं. तिने पूजाला ‘कळवते हं’ म्हटलं, त्या दिवशीही ते गावात कितीतरी दावणींपुढे पडलं असणार.

संजनाने अहवाल टाइप केला, सही केली आणि जावक नोंदवहीत त्याला स्वतः क्रमांक टाकला. जावक क्रमांक पडलेला कागद साहेबांनाही मागे घेता येत नाही, हे त्या इमारतीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एक प्रत तिने वरच्या कार्यालयाला टपालाने धाडली. मग मार्चचं पान उघडलं. पहिली ओळ लाल शाईने खोडून तिने वर लिहिलं, ‘दोष आढळला. खाद्य विषारी.’ आणि नजर खाली घसरली.

खाली चाळीस ओळी होत्या. एकीत ‘वरीलप्रमाणे’, बाकीच्यांत त्या दोन दोन रेघा. तिने त्यांना हात लावला नव्हता, तरी वरची ओळ बदलताच त्या आता दुसरंच सांगत होत्या. सायखेडा, चांदोरी, पुन्हा सायखेडा, पुन्हा सायखेडा. निम्म्या नावांपुढे पूजाच्याच पेंडीचा छाप लिहिलेला होता. तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या दुपारी तिने नावं वाचलीच नव्हती, नुसत्या रेघा ओढल्या होत्या. लाइट होती, फ्रीजर घरघरत होता, आणि तरीही त्या घरघरीच्या खालून तिला तो आवाज ऐकू आला. तिने पान मिटलं.

गुरुवारी अकराला पिकअप आली. मागे भांडी दोरीने आवळलेली. हंडा, कळशी, परात, एकात एक घातलेले डबे. कारभारी पुढे आला तसा संजनाने डबा त्याच्या हातात दिला.

"जड लागत नाय," तो म्हणाला. "पण काय तरी हाय आत."

"डबा रिकामा देत नाहीत ना परत," संजना म्हणाली.

त्याने झाकण काढलं. आत घडी घातलेला अहवाल होता. तो पायरीवर बसला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला. त्याला फार वेळ लागला. ‘विषारी’ या शब्दावर बोट थांबलं ते निघेना.

"पोरीनं सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. मी म्हणालो, शिकलेली मोठी माणसं कागद देतील त्यो खरा." मग त्याने आतल्या खिशातून दुसरा एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला, आठ महिने जपलेला. "मंग ह्यो कोणी लिवला?"

आत सुलाबाई उभी होती, काचेमागे साहेब उभे होते. संजना म्हणू शकली असती की चूक झाली, वरून आदेश होता, किट नव्हती. सगळं खरंच होतं.

"मी," ती म्हणाली. "न तपासता लिहिला."

कारभारी शिव्या देईल असं तिला वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण त्याने उठून अहवाल पुन्हा डब्यात ठेवला आणि डबा तिच्या हातात परत दिला.

"तुमीच चला मंग," तो म्हणाला. "तुमच्या हातानं द्या तिला. मला तोंड नाय."

आणि ती गेली. पर्स न घेता, साहेबांकडे न बघता, पिकअपच्या पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन. पिंपळगाव गेलं, टोलनाका गेला. मागे भांडी एकमेकांवर वाजत होती.

चांदवडला बाजाराच्या मागे पूजाचं माहेर, पत्र्याच्या दोन खोल्या. आई कांद्याच्या खळ्यावर कामाला गेलेली. पूजा शिलाई मशीनवर बसली होती. खूप वाळली होती. तिने संजनाला लगेच ओळखलं आणि तिच्या हातातला डबाही.

संजनाने तो दिला. जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं. किट नव्हती, अनुदानासाठी खोटं लिहिलं, आता तपासलं, हे असं निघालं. पूजाने अहवाल दोनदा वाचला आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. डोळ्यांत पाणी आलं नाही. संजनाला ते आलं असतं तर सोपं गेलं असतं.

"चुकलं आमचं, पोरी," कारभारी म्हणाला. त्याने खरोखरच हात जोडले. "कुसाबाईला मी सांगतो. साऱ्या गावाला वाचून दाखवतो. चल घरी. भांडी तशीच माघारी नेऊ."

पूजा उठली. दारातून तिने पिकअपकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"मामा, भांडी उतरवा," ती म्हणाली. "यादी माझ्याकडं हाय. मोजून घेते."

म्हाताऱ्याने दोरी सोडली आणि एक एक भांडं स्वतःच्या हाताने आणून ओट्यावर मांडलं. शेवटी पूजाने तो डबा सगळ्यांच्या वर ठेवला. तेवढ्यात गल्लीतली लाइट गेली. शेजारचा रेडिओ थांबला, पिठाची गिरणी थांबली.

आवाज सुरू झाला. ओला, सावकाश. संजनाने भिंतीला हात टेकला.

"इथे मागे गोठा आहे का गं?" तिने विचारलं. "कुणाचा?"

"नाय. आईनं कधी जनावर पाळलंच नाय." पूजा बोलता बोलता थांबली आणि आल्यापासून पहिल्यांदा तिने संजनाकडे नीट पाहिलं. "ताई, तुम्हालापण ऐकू येतं?"

संजनाने मान डोलावली. कारभारी ओट्यावर बसून भांड्यांकडे बघत होता, त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

"रोज तीनच असायच्या," पूजा हळू आवाजात म्हणाली. "मी मोजायचे. कालपासून लय आल्यात. कोणाच्या हायेत, ताई, ह्या सगळ्या?"